पहिल्या रात्री गाडीपेक्षा ट्रॅक जास्त बदलतो

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या सांगलीच्या एका विद्यार्थ्याला हिकरी मोटर स्पीडवेवर धावणाऱ्या एका घरगुती लेट मॉडेल (छोट्या ओव्हल ट्रॅकवरच्या स्टॉक कारचा एक वर्ग) टीमने हंगामाच्या पहिल्या शर्यतीला मदतीसाठी बोलावलं आहे. कॉलेजात बाहा (विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यांसाठी गाडी बनवायची स्पर्धा) केली आहे, त्यासाठी पिथमपूरला गाडी नेली आहे, सस्पेन्शनची गणितं येतात. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: जाण्याआधी काय तयारी करावी, टीमला सेटअपबद्दल, म्हणजे गाडीच्या जुळवणीबद्दल, काही सुचवावं का, आणि यातून पुढे मोठ्या टीममध्ये नोकरीचा रस्ता निघतो का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. सुचवू नका, निदान पहिल्या रात्री तरी. तुमचं गणित कच्चं असेल असं मला म्हणायचं नाही. पहिल्या रात्री त्या गणितात घालायचे आकडे कुणाकडेच नसतात, खुद्द क्रू चीफकडेही (गाडीची जुळवणी ठरवणाऱ्या टीमप्रमुखाकडेही) नसतात. गेल्या सप्टेंबरातली वही त्याच्याकडे असते, आणि ती वही दुसऱ्याच ट्रॅकबद्दल असते.

आता हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

हिकरी १९५१ साली सुरू झाला. तेव्हा तो अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक होता, आज ०.३६३ मैलाचा, म्हणजे ५८० मीटरच्या आसपासचा डांबरी आहे. डांबर जुनं आणि खरबरीत आहे, टायर खातं. भर हंगामात त्या डांबरावर दर आठवड्याला रबराचा थर चढत जातो आणि गाड्या एका ठरावीक रेषेत चिकटून चालतात. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस, दव, कधी थोडा बर्फ. सगळं रबर धुऊन जातं. मार्चमध्ये तुम्ही जाल तेव्हा खाली उघडं, गार, धूळ बसलेलं डांबर असेल. डांबराच्या भेगांतून पाणी झिरपत असलं तर दुपारभर एका कोपऱ्यात ओला पट्टा दिसेल आणि लोक तिथे ब्लोअर लावून उभे असतील.

त्यावर दुपारी तीनला सराव सुरू होतो. ऊन असतं, हवा १८-२० अंश. फीचर, म्हणजे मुख्य शर्यत, रात्री आठ-नऊला, तेव्हा हवा सहा-सात अंशांवर आलेली असते. मधल्या वेळात लेट मॉडेल, स्ट्रीट स्टॉक, चार सिलिंडरच्या छोट्या गाड्या, सगळ्यांनी मिळून थोडंफार रबर ओतलेलं असतं. म्हणजे दुपारी ज्या ट्रॅकवर तुम्ही गाडी जुळवली तो ट्रॅक शर्यतीच्या वेळी तिथे नसतोच. दुपारी मागून सुटणारी गाडी रात्री ट्रॅक गार झाला, पकड वाढली की बहुतेकदा आपोआप ताळ्यावर येते, आणि दुपारी 'अगदी मस्त आहे' असं ड्रायव्हर म्हणाला ती रात्री वळायला कुरकुरते. त्यातही पहिल्या दोन-चार फेऱ्या वेगळ्या: मागचे टायर गारठलेले असतात, थ्रॉटल दिला की मागचा भाग निसटतो. त्या फेऱ्यांवरून गाडीची पारख करायची नसते.

दरवर्षी ओपनरला, म्हणजे हंगामाच्या पहिल्या शर्यतीला, निम्मं पिट (टीम गाड्यांवर काम करतात ती जागा) हेच करताना दिसतं: पहिल्या सरावात वेळ मनासारखी आली नाही की स्प्रिंग बदल, ट्रॅक बार हलव, टायरचा दाब कमी कर, सगळं एकदम. तिसऱ्या सरावानंतर गाडीत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पुढचे तीन आठवडे त्या गाडीला मूळ जागी आणण्यात जातात. एका वेळी एक बदल, तो लिहायचा, तापमान आणि वेळ त्याच्या शेजारी लिहायची; आणि पहिल्या रात्री बदल होता होईल तेवढे कमीच. निकाल आठवा-दहावा आला तरी चालेल, आकडे मात्र खरे हवेत. माझं हे मत ड्रायव्हर लोकांना आवडत नाही. चार महिने ते शनिवारची वाट पाहत बसलेले असतात आणि तुम्ही त्यांना आकडे सांगता!

आता तयारीकडे. ट्रॅकवर जाण्याआधी एक-दोन संध्याकाळ टीमच्या गॅरेजमध्ये जाऊन या. हंगाम खरं तर तिथेच सुरू होतो. गाडी वजनकाट्यांवर चढवतात तेव्हा शेजारी उभे राहा आणि काय काय करतात ते टिपून घ्या. चार चाकांखाली चार काटे, फरशी समपातळीत, टायरमध्ये शर्यतीचा दाब, टाकीत ठरवलेलं इंधन, पुढचा अँटी-रोल बार सोडवलेला, आणि सीटवर ड्रायव्हर स्वतः, सूट-हेल्मेटसकट. ड्रायव्हर नसेल तर त्याच्या वजनाच्या पिशव्या.

समजा काट्यांवर हे आकडे आले: पुढचं डावं ८४०, पुढचं उजवं ६९०, मागचं डावं ९३०, मागचं उजवं ६४० पाउंड. एकूण ३१००, म्हणजे साधारण १४०० किलो. डाव्या बाजूला १७७०, म्हणजे ५७.१ टक्के. गाडी फक्त डावीकडेच वळणार, त्यामुळे वजन डावीकडे हवंच. पण किती, याला नियमाची मर्यादा असते आणि शर्यतीनंतर तीच तपासतात. आता क्रॉस वेट: पुढचं उजवं अधिक मागचं डावं, म्हणजे १६२०, एकूणाच्या ५२.३ टक्के. मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट फिरवून त्या चाकावर २० पाउंड वाढवले की काय होतं? मागचं डावं ९५०, पुढचं उजवं ७१०. आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून तेवढंच कमी, ८२० आणि ६२०. डावी बाजू बेरीज करून पाहा, १७७० तशीच. मागची बेरीज १५७०, तीही तशीच. बदललं फक्त क्रॉस, ते ५३.५ झालं. चार पाय एका उंचीचे नसलेल्या पाटाखाली एका कोपऱ्यात घडी सरकवल्यासारखं हे आहे: भार कर्णाकर्णाने सरकतो. क्रॉस वाढलं की गाडी साधारणपणे 'टाइट' होते, म्हणजे पुढची चाकं ढकलत नेतात, वळत नाहीत. कमी केलं की 'लूज', म्हणजे मागचा भाग सुटतो. बाहामध्ये तुम्ही दोन्ही बाजूंनी सारखी गाडी बनवली असेल. इथे गाडीचा एकही कोपरा दुसऱ्यासारखा नसतो, आणि ते मुद्दाम असतं. पुढच्या उजव्या चाकाला निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग गाडीकडे कललेला), डाव्याला पॉझिटिव्ह (बाहेर कललेला). दोन्ही चाकं डावीकडे कललेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला गाडी कुठे तरी आपटून आली आहे असंच वाटतं.

स्टॅगरचं, म्हणजे मागच्या दोन टायरांच्या परिघातल्या फरकाचं, गणित मात्र घरी एकदा करून जा, कारण ते कळलं की अर्ध्या गप्पा कळतात. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरत असतील तर वळणावर बाहेरचं चाक मोठं हवं. वळणाची त्रिज्या ४० मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर १.६५ मीटर धरा. बाहेरच्या आणि आतल्या वाटेचं गुणोत्तर सुमारे १.०४२ येतं. टायरचा परीघ २१५ सेंटिमीटर असेल तर उजव्या मागच्या टायरचा परीघ डाव्यापेक्षा नऊ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंचांनी जास्त हवा. प्रत्यक्षात लोक याहून बरंच कमी ठेवतात. सरळ भागात तोच फरक गाडीला डावीकडे ओढतो आणि वेग खातो. शिवाय टायर थोडाफार घसरतोच. वही पाहिलीत तर किती कमी ते दिसेल, आणि तो आकडा कसा ठरला हे विचारायला हरकत नाही. हा प्रश्न विचारणारा पोरगा टीमला आवडतो.

हे सगळं कळलं, तरी पहिल्या रात्री तुमच्या हाती बहुधा टायर येतील. नाक मुरडू नका. शॉर्ट ट्रॅकवर (एक मैलाहून लहान ट्रॅकवर) टायरवाल्याइतकी माहिती कुणाच्याच हातून जात नाही.

दाबाचंच बघा. उजव्या टायरमध्ये दुपारी २० अंशांत १८ पीएसआय भरलेत आणि रात्री हवा सहा अंशांवर आली, तर गेज साडेसोळाच्या आत दाखवेल. वायूचा साधा नियम: वातावरणाचा १४.७ मिळवून निरपेक्ष दाब घ्या, केल्व्हिनच्या प्रमाणात कमी करा, परत १४.७ वजा करा. दीड पाउंड आपोआप गेला, आणि ज्या गाडीत अर्ध्या पाउंडाने ड्रायव्हरला फरक कळतो तिथे दीड म्हणजे वेगळाच सेटअप. दाब उतरला की परीघही बदलतो, म्हणजे स्टॅगर हललं. म्हणून ग्रिडवर जाण्याआधी शेवटचा दाब बघायचा, एकाच गेजने, नेहमी त्याच. दोन गेज कधीच एकमत नसतात. साध्या काँप्रेसरच्या हवेत बाष्प असतं आणि ते तापल्यावर भलतंच फुगतं, म्हणून लोक नायट्रोजन किंवा वाळवलेली हवा वापरतात. तुमच्या टीमकडे काय आहे ते बघून ठेवा.

गाडी सरावातून आत आली की टायरचं तापमान. यासाठी सुईचा पायरोमीटर असतो, सुई रबरात खुपसायची. लांबून लाल ठिपका टाकणारं इन्फ्रारेड यंत्र फक्त वरचा पापुद्रा मोजतं. ते ट्रॅकचं तापमान घ्यायला ठीक. प्रत्येक टायरवर तीन जागा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. सुरुवात पुढच्या उजव्यापासून करा, कारण सगळ्यात जास्त तोच राबलेला असतो, आणि दर वेळी क्रम तोच ठेवा. आतली कड फार तापली असेल तर त्या चाकाला निगेटिव्ह कँबर जास्त आहे; मध्य तापला असेल तर दाब जास्त. ड्रायव्हरने एक फेरी हळू मारून गाडी आत आणली तर हे आकडे कवडीमोलाचे, तसं वहीत लिहून ठेवा आणि त्यावरून निष्कर्ष काढू नका. स्लिक टायरवर बारीक भोकं असतात, त्यांची खोली मोजून झीज कळते. पहिल्या रात्री झीज हमखास जास्त येते, खाली रबर नसतं म्हणून. ती पाहून घाबरून पुढच्या आठवड्याची तयारी बदलू नये.

एक सावधगिरी. कुणी टायरवर काही चोळताना दिसलं, किंवा तुम्हालाच 'एवढं पुसून घे' म्हणून डबा हातात दिला, तर काय आहे ते विचारा. रबर मऊ करणारी रसायनं बंद आहेत. ड्युरोमीटरने कडकपणा तपासतात, शंका आली तर तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतात. टीम बाद होते आणि ट्रॅकवर नाव खराब होतं ते वेगळंच. तुम्ही नवीन, परदेशी विद्यार्थी. असल्या भानगडीत तुमचा हात नको.

सुरक्षिततेचं एक काम आपणहून मागून घ्या: पट्ट्यांच्या तारखा. सीट बेल्टवर एसएफआय या सुरक्षा-मानक संस्थेचं लेबल असतं, त्यावर महिना-वर्ष पंच केलेलं असतं, आणि साधारण दोन वर्षांत ते बाद धरतात. हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट-मानकाचं वर्ष असतं. हिवाळ्यात इंजिन, शॉक, रंग सगळं बघितलं जातं आणि नेमकी ही लेबलं राहतात. मग ओपनरच्या दुपारी तपासणीत गाडी अडते आणि अख्ख्या पिटमध्ये पट्टे उसने मागत फिरावं लागतं. डोकं-मान जखडणारं हान्ससारखं उपकरण ड्रायव्हर डेल अर्नहार्टचा २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत मृत्यू झाल्यानंतर त्याच वर्षी नॅस्कारने (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती चालवणाऱ्या संस्थेने) वरच्या मालिकांत सक्तीचं केलं. खालच्या वर्गांत प्रत्येक ट्रॅकचा नियम वेगळा असतो, पण तुमचा ड्रायव्हर ते न घालता बसत असेल तर मी त्या टीमबद्दल दोनदा विचार करीन.

तुमच्यासाठी: बंद बूट, सुती फुल पँट, कानात बोळे. पिटच्या फाटकावर एका कागदावर सही घेतात, दुखापत झाली तर ट्रॅक जबाबदार नाही अशा अर्थाची. वाचून करा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही, घोडे (आधाराचे स्टँड) लावल्यावरच. आणि पिटमध्ये चालताना फोन खिशात. गाड्या तिथे हळू पण आंधळ्या चालतात, ड्रायव्हरला पुढचं बॉनेट सोडून काही दिसत नाही.

संध्याकाळचा क्रम साधारण असा असतो: ड्रायव्हरांची बैठक, क्वालिफायिंग, छोट्या वर्गांच्या शर्यती, मग फीचर. बैठकीला जा. पिवळ्या झेंड्यानंतर रीस्टार्ट कसा, आतली-बाहेरची ओळ कशी निवडायची, किती फेऱ्या, सगळं तिथे सांगतात आणि पहिल्या रात्री नियम बदललेले असतात. बऱ्याच टीम ते न ऐकता येतात आणि दहाव्या फेरीला काळा झेंडा (नियम मोडल्याची शिक्षा) खातात. रेडिओवर मात्र तुम्ही गप्प. स्पॉटर (वरून शर्यत बघून ड्रायव्हरला आजूबाजूच्या गाड्या सांगणारा) आणि क्रू चीफ, दोघांचेच आवाज ड्रायव्हरला पुरतात.

शर्यत संपली की घाईने सामान आवरायला धावू नका. वरचे काही नंबर तपासणीला जातात: वजन, डावी टक्केवारी, गाडीची उंची, कार्ब्युरेटर, इंजिनावरची सीलं. तुमची गाडी त्यात नसली तरी लांबून उभे राहून बघा. क्रेट इंजिन, म्हणजे कारखान्यातून सीलबंद आलेलं, उघडायला बंदी असलेलं इंजिन, हा खर्च आवरायचा उपाय. जनरल मोटर्सचं ६०४ साधारण ४०० अश्वशक्तीचं, ६०२ साडेतीनशेचं. इंजिनात हात घालता येत नाही म्हटल्यावर सगळी हुशारी चॅसिसमध्ये उतरते, आणि ती तपासणीच्या शेडमध्येच उघडी दिसते. नियमाच्या किती जवळ जाऊन उभं राहायचं हे चांगल्या टीमला पाठ असतं.

एखादा शनिवार मोकळा मिळाला तर विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियमला नुसते प्रेक्षक म्हणून जाऊन या. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी पट्टा, १९४९ पासून तिथे नॅस्कारच्या साप्ताहिक शर्यती चालतात, आणि लोक तिकीट काढतात ते निम्मं भांडणं बघायला. सपाट ट्रॅकवर वळणात गाडीला डांबराचा उतार सांभाळून घेत नाही; आत शिरणाऱ्या गाडीचं पुढचं उजवं चाक आणि बाहेर पडतानाचं मागचं, एवढंच बघत बसा. चार फेऱ्यांत टाइट आणि लूज डोळ्यांनी ओळखायला लागाल.

आता नोकरी. मूर्सव्हिल, कॉनकॉर्ड, हंटर्सव्हिल हा सगळा पट्टा टीमच्या गॅरेजांनी भरला आहे आणि तुम्ही त्याच्या मधोमध राहता. ड्रायव्हरांना शॉर्ट ट्रॅकवरून वर जाता येतं याचा ताजा दाखला जॉश बेरीचा: वर्षानुवर्षं लेट मॉडेल चालवली, २०२० मध्ये नॅस्कारच्या साप्ताहिक मालिकेचा राष्ट्रीय विजेता, आणि मार्च २०२५ मध्ये लास वेगासला नॅस्कारच्या सर्वोच्च कप मालिकेतली पहिली शर्यत जिंकली. इंजिनिअरांसाठी रस्ता वेगळा आहे. मोठ्या टीममध्ये सिम्युलेशन, डेटा, टायर मॉडेल यांची कामं आहेत, आणि त्यासाठी तुमची पदवी आणि कोड लागतो. शनिवारच्या पिटमुळे मुलाखतीत एवढंच होतं की समोरच्याने 'गाडी मधल्या वळणात टाइट आणि बाहेर पडताना लूज आहे, काय करशील?' असं विचारलं तर तुमच्या उत्तरात पुस्तकाचा वास येत नाही. हे थोडं नाही. उमेदवार पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गाडी काट्यावर चढवलेली नसते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडची मुलं इथे घोळ घालतात. छोटी टीम तुमचा व्हिसा करून देणार नाही, त्यांना ते परवडत नाही. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर बक्षिसातला वाटा, पेट्रोलचे पैसे, 'थोडं काही तरी' असं काहीही घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. फुकट मदत करतानाही विचारलेलं बरं. उत्तर ईमेलवर मागा, तोंडी नको.

जाताना सोबत एक जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली (थंडीत आणि तेलकट हाताने पेन चालत नाही) आणि जाड जॅकेट न्या. मार्चच्या दुपारी तिथे टी-शर्टवर फिरणारी माणसं रात्री नऊला ट्रेलरमध्ये हीटरजवळ सापडतात. पहिल्या सरावाआधी ट्रॅकचं तापमान, मग दर तासाला, शर्यतीच्या हिरव्या झेंड्यापर्यंत. हे कुणी सांगितलं नसलं तरी करा, आणि दुसऱ्या शनिवारी ते पान क्रू चीफला दाखवा. सेटअपबद्दल काही सुचवायचं असेल तर ते त्या पानावर बोट ठेवून सुचवा.